आळ कुणावर आला

1888 सालची लाभपंचमी. तारीख 8 नोव्हेंबर, गुरुवार. कच्छमधल्या मांडवी बंदरात भर दुपारी एक आगबोट नांगर टाकून उभी होती. बोट मुंबईच्या ए. जे. शेफर्ड कंपनीची आणि तिचं नाव वैतरणा. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून निघणाऱ्या आपल्या वैतरणा नदीचं नाव घेऊन ही बोट कच्छ-मुंबई फेऱ्या करत होती. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या गोदीत बांधलेली, पोलादी पत्र्याची, तीन मजले, पंचवीस केबिन, लांबी साधारण 170 फूट. पाण्यात उतरून तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती. बोटीवर विजेचे दिवे होते. घराघरात अजून तेलाचे दिवे होते, तेव्हा रात्री समुद्रात लखलखणारी ही बोट किनाऱ्यावरून बघायला लोक उभे राहत असतील. म्हणून लोकांनी तिला आपलं नाव दिलं : वीजळी. आज कच्छ-सौराष्ट्रात वैतरणा म्हटलं तर कुणाला कळायचं नाही, वीजळी म्हटलं की म्हातारी माणसं हातातलं काम थांबवतात.

मांडवीला 520 उतारू चढले. बोट द्वारकेला गेली, तिथे आणखी चढले, सगळे मिळून 703. दिवाळी उरकून मुंबईच्या पेढ्यांकडे परतणारी माणसं त्यात असणारच. लग्नाची वऱ्हाडं होती, तेरा वऱ्हाडं होती असं सांगतात. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. पुढचा थांबा पोरबंदरचा. पण हवा बिघडली होती, म्हणून बोट तिथे न थांबता थेट मुंबईकडे निघाली. संध्याकाळी मांगरोळच्या आसपास तुफानात सापडलेली ती कुणाला तरी दिसली. त्यानंतर दिसली नाही. दुसऱ्या दिवशी ती बेपत्ता झाल्याचं जाहीर झालं.

सरकारने शोधासाठी बोटी पाठवल्या, जहाज कंपन्यांनीही पाठवल्या. कुणालाही काही सापडलं नाही. एवढी पोलादी बोट, खलाशी धरून साडेसातशेच्या आसपास माणसं, त्यांचे ट्रंका-बिछाने, लग्नाचे दागिने, परीक्षेची पुस्तकं, यातलं काहीही नाही. माणूस गेला की त्याला पोचवायचं असतं, राख असते, दहावं-तेरावं असतं. इथे ज्यांची माणसं गेली त्यांना कुठला दिवस धरायचा, इथूनच प्रश्न. मार्कोनीचं बिनतारी यंत्र यायला अजून काही वर्षं होती. किनारा सुटला की बोट आणि समुद्र, मधे तिसरं कुणी नाही.

मला ही बोट पहिल्यांदा कळली ती गाण्यातून. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कच्छी कुटुंब होतं. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळी इमारत बा म्हणायची. दुपारी बा दारात पाट टाकून मेथी निवडत बसायच्या. उजव्या हाताने काडी मोडायची, पानं परातीत, दांडे वर्तमानपत्रावर, आणि तोंडाने काहीतरी चालू. भजन असेल असं वाटायचं. पण त्यात मधेच कासम असं नाव यायचं, आणि ते नाव आलं की बांचा आवाज किंचित वर चढून पुन्हा खाली यायचा. "बा, हा कासम कोण?" असं एकदा विचारलं. काडी मोडता मोडता त्या म्हणाल्या, "वीजळीचा मालिक. मोठा घमंडी माणूस हता, बेटा. साहेबांनी ना पाडी, तरी बोट नेली. सगळ्यांना घेऊन बुडाला." एवढं सांगून बा पुन्हा गाणं जिथे सोडलं होतं तिथून म्हणू लागल्या.

त्या गाण्यात हाजी कासमला उद्देशून म्हटलंय की तुझी वीजळी भर दर्यात वैरीण झाली. गुजरातीतलं हे विलापगीत शंभर वर्षांहून जास्त काळ गायलं जातंय. झवेरचंद मेघाणींनी लोकगीतं गोळा करताना तेही टिपून ठेवलं. अनेकांनी या बोटीवर विलाप रचले, पुढे कादंबरीही झाली. मराठीत आपण बोटीवरच्या कुठल्या गाण्याला इतकी वर्षं असं जिवापाड जपलंय, असं मला आठवत नाही. त्या लोकांनी आपली माणसं गाण्यात तरी परत आणली, याचा मला आदर वाटतो. पुढे जे लिहितो आहे ते त्या गाण्याच्या विरोधात नाही.

पण बोटीचा मालक कासम नव्हता. बोट शेफर्ड कंपनीची. हाजी कासम हे कंपनीचे बुकिंग एजंट, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर त्यांची कचेरी. गर्भश्रीमंत माणूस. बोरिवली-दहिसरच्या बाजूला त्यांच्या जमिनी होत्या असं सांगतात. बोट चालवत होता तो कप्तान वेगळा, त्याचं नाव कासम इब्राहिम. लोकांच्या तोंडी हे दोन कासम एक झाले. मग त्या एका कासमभोवती दंतकथा जमत गेल्या. एका फकिराने त्याला 99 जहाजांचा आशीर्वाद दिला होता आणि वीजळी हे त्यातलं शेवटचं, ही त्यातलीच एक. म्हणजे बोट बुडणं विधिलिखितच होतं, आशीर्वादाची मुदत संपली होती.

दुसरी दंतकथा बांनी मला सांगितली तीच. पोरबंदरचा इंग्रज अधिकारी लेली याने कप्तानाला बजावलं की तुफान येतंय, पुढे जाऊ नकोस. कप्तानाने ऐकलं नाही. ही गोष्ट इतकी घट्ट बसली आहे की वीजळीबद्दल कुणीही बोललं तरी ती येतेच. पण बोट त्या दिवशी पोरबंदरला थांबलीच नव्हती. न थांबलेल्या बोटीच्या कप्तानाला कुणी कसं बजावेल? पुढे संशोधकांनी ही भेट झाली नसल्याचं मांडलं आहे, आणि मला ते पूर्ण पटतं.

लेली हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेलं आहे, दुसऱ्या एका गोष्टीत. त्याच वर्षी, 1888 मध्येच, पोरबंदरच्या एका दिवाणाचा मुलगा विलायतेत शिकायला जाण्यासाठी संस्थानाकडून मदत मिळावी म्हणून या लेलीसाहेबाकडे गेला होता. साहेब बंगल्याचा जिना चढत होता. आधी बी. ए. हो, मग ये, आत्ता काही मदत मिळणार नाही, असं उभ्या उभ्या सांगून तो वर निघून गेला. तो मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 4 सप्टेंबरला ते मुंबईहून क्लाइड बोटीने निघाले. वीजळी बुडाली त्यानंतर दोन महिन्यांनी. एकाच माणसाच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाईट वाटतं. ज्या साहेबाने दारात आलेल्या पोराशी दोन मिनिटं नीट बोलायची तसदी घेतली नाही, तोच लोकांच्या गोष्टीत सातशे जिवांची काळजी करणारा शहाणा झाला. आणि आपल्याच किनाऱ्यावरचा, आपल्याच लोकांबरोबर बुडालेला कप्तान झाला उद्दाम.

या दुर्घटनेची चौकशी झाली होती. मुंबई इलाख्याच्या सरकारने मरीन कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमलं. त्या कोर्टाने काय नोंदवलं हे गाण्यात नाही, बांनाही ते कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टाने म्हटलं की बोटीवर सुरक्षेची साधनं अपुरी होती. जीवनौका पुरेशा नव्हत्या, लाइफ जॅकेटं पुरेशी नव्हती. ब्रिटनच्या पार्लमेंटने जहाजांवरच्या जीवरक्षक साधनांचा स्वतंत्र कायदा केला तो त्याच 1888 सालात, वीजळीच्या शेवटच्या फेरीच्या काही महिने आधी. म्हणजे जहाजावर किती होड्या हव्यात हा प्रश्न जगाला ठाऊक नव्हता असं नाही.

चक्रीवादळापुढे चार होड्या जास्त असत्या तरी काय झालं असतं, असं कुणी म्हणेल. बरंच काही नसतंही झालं. पण पंचवीस केबिन आणि सातशे उतारू एवढा हिशेब घातला तरी बहुतेक लोक कुठे बसले होते ते कळतं. डेकवर. माझी आजी लहानपणी कोकणच्या बोटीने आली-गेली होती. डेकवर आधी धावत जाऊन वळकटी पसरायची, जागा धरायची, मुलांना मधे घ्यायचं, मग भोंगा वाजायचा. बोट लागली की त्याच वळकटीवर आडवं व्हायचं. शेफर्ड कंपनीच्या बोटी कोकणातही फिरत. कच्छची डेक काय आणि रत्नागिरीची डेक काय, डेकच्या तिकिटात उघड्यावरची बसायची जागा मिळते, संकटातली जागा मिळत नाही. ही जागा किती असावी हे बुकिंगवाला ठरवत नाही, कप्तानही ठरवत नाही. जहाजाचा मालक ठरवतो आणि त्याला ठरवू देणारं सरकार.

कासमचं नाव लोकांच्या तोंडात का बसलं, हे मला समजू शकतं. तिकीट त्याच्या माणसाकडून घेतलं होतं. त्याचं नाव माहीत होतं, कचेरी माहीत होती. शेफर्ड कुणी पाहिलेला नव्हता. दुःख झालं की माणूस ज्याचं दार ठाऊक असतं त्याच्याच दारात जाऊन ओरडतो. ज्यांनी ओरडा केला त्यांच्याकडे माझं बोट नाही. ज्याचा त्या ओरड्यातून सुटका होऊन फायदा झाला, त्याचं नाव गाण्यात नाही, एवढंच मला पुनःपुन्हा सांगावंसं वाटतं.

वीजळीच्या दीड वर्ष आधी बंगालच्या बाजूलाही असंच झालं होतं. जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंना घेऊन निघालेली सर जॉन लॉरेन्स ही बोट 25 मे 1887 च्या वादळात बुडाली. साडेसातशेच्या आसपास माणसं, त्यात बायका जास्त. कोलकात्यात हुगळीच्या घाटावर त्यांच्या स्मरणार्थ एक शिळा आहे, काही इंग्रज स्त्रियांनी बसवलेली. तरुण रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. शिळेवर मजकूर थोडाच आहे, पण त्यात बुडालेल्या यात्रेकरूंमध्ये बहुतेक स्त्रिया होत्या हे आवर्जून कोरलेलं आहे. निदान कोण गेलं, हे तिथे लिहिलं गेलं.

आता आपल्या बोटीकडे येतो. रामदास.

17 जुलै 1947. हाही गुरुवार. आषाढातली अमावास्या. सकाळी आठच्या सुमाराला रामदास मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघाली. दीड तासाची वाट. सुट्टीला, सणाला गावी निघालेले चाकरमानी, बाजार करून परतणारी माणसं, बायका, पोरं. ज्या कंपनीची ही बोट, ती इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनी. परक्या कंपनीच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून आपल्या लोकांनी उभी केलेली, त्यामुळे लोक प्रेमाने तिला माझी आगबोट कंपनी म्हणायचे. बोटींना संतांची नावं. तुकाराम, रामदास. बोटही मोठी होती, 179 फूट लांब, हजारभर उतारू घेऊ शकणारी.

मुंबई अजून नजरेआड व्हायची होती. काश्याच्या खडकाजवळ बोट आली तेव्हा समुद्र खवळलेला होता. पावसाचा मारा, पाणी डेकवर. मोठी लाट बसली, बोट एका अंगाला कलली आणि थोड्या वेळात गेली. धक्का सोडून तेव्हा अर्धा-पाऊण तासच झाला होता. सहाशेहून जास्त माणसं बुडाली.

यातली मला सगळ्यात असह्य वाटणारी गोष्ट त्यानंतरच्या तासांची आहे. संध्याकाळी पाचपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. वीजळीच्या वेळी ते जगातच नव्हतं, रामदासच्या वेळी ते जगात येऊन पन्नास वर्षं झाली होती. सकाळी साडेआठनंतर शहराचं सगळं नेहमीसारखं चालू राहिलं. ट्राम चालू, कचेऱ्या चालू. धक्क्यावर दुसऱ्या बोटींची लगबग असेल. रेवसला वाट बघणाऱ्यांना वाटलं असेल, पाऊस आहे, बोट सुटलीच नसेल. मुंबईत पोचवायला आलेले घरी जाऊन जेवले असतील. अलिबागकडचा एक दहा-बारा वर्षांचा मुलगा तरंगत तरंगत संध्याकाळी गेटवेला लागला आणि त्याच्या तोंडून शहराला कळलं, अशी हकीकत सांगतात. शहराच्या कुशीत एवढी माणसं बुडाली आणि ते सांगायला एका पोराला दिवसभर पाण्यात राहून किनारा गाठावा लागला.

मदतीला धावले ते रेवसचे कोळी. मासळी घेऊन मुंबईला येणाऱ्या त्यांच्या होड्यांना पाण्यात माणसं दिसली. त्यांनी भरलेली मासळी समुद्रात ओतली आणि जागा झाली तितकी माणसं आत ओढून घेतली. पाऊणशे तरी वाचवली असं सांगतात. ज्याने कधी होडीवर दिवस काढलाय त्याला भरली मासळी ओतणं म्हणजे काय ते समजेल. त्यात त्या दिवसाचं सगळं घर असतं.

आणि इथेही आळ आलाच. रामदास का बुडाली, असं विचारलं की आजही पहिलं वाक्य ऐकू येतं : लोक घाबरून एका बाजूला धावले, म्हणून बोट उलटली. माझ्या ओळखीतल्या रायगडकडच्या दोन-तीन घरांत मी हे वाक्य जवळपास याच शब्दांत ऐकलं आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनीही तेच सांगितलं. लाट अंगावर आली तर माणूस दुसऱ्या बाजूला सरकणारच. मूल कडेवर असेल तर धावणारच. हे बोट बांधणाऱ्याला ठाऊक असतं, चालवणाऱ्याला ठाऊक असतं. आषाढाच्या अखेरीला, अमावास्येच्या उधाणात, संपर्काचं साधन नसलेली बोट सोडायची का, हा प्रश्न त्या वाक्याआड गेला.

वीजळीची गोष्ट वाचताना मी मनाशी मांडलं होतं की हे राज्यकर्त्यांचं कसब, गोरा मालक निसटला आणि काळा माणूस अडकला. रामदासने तेवढ्यावर थांबू दिलं नाही. इथे कंपनी आपली, नाव संतांचं, मनात स्वदेशीचा अभिमान, स्वातंत्र्य महिन्याच्या आत आलेलं. तरीही आळ खालच्याच अंगाला घरंगळला, डेकवरच्या माणसांवर. बुडालेला माणूस उलट बोलत नाही, ही एवढी एकच सोय त्या आळाला पुरली.

महिनाभरात 15 ऑगस्ट आला. कागदावर, मनात, रस्त्यावर दुसऱ्या कशाला जागा उरली नाही. पुढे फाळणीच्या बातम्या. रेवस-अलिबागकडच्या घरांत मात्र त्या वर्षीचा श्रावण कसा गेला असेल! त्यातही तो अधिक होता, म्हणजे सणांची वाट आणखी महिनाभर लांब.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच आजही सुटते. छताच्या फळ्यांखाली नारिंगी जॅकेटं खोचलेली असतात. मी एकदा एक खाली काढून पाहिलं. पट्ट्यांना कुणीतरी मारलेली गाठ खाऱ्या हवेने दगडासारखी कडक झाली होती, ती मला दातांनीही सुटेना. शेजारची बाई टोपली पायाशी धरून बसली होती. "काय करतंस ता काढून? वर ठेव, भिजंल," असं म्हणाली. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, माणसं गेली, तेव्हा जॅकेट घालायची सक्ती झाली. ती टिकायला हवी, नुसती छताखाली दिसायला नको. गाठ सुटते की नाही हे प्रत्येक फेरीआधी कुणीतरी बघायला हवं. ते कुणी बघायचं, त्याचं नाव धक्क्यावरच्या फळ्यावर लिहिलेलं हवं, म्हणजे पुढच्या वेळी कासम शोधावा लागणार नाही.

आणखी एक मागणं आहे. वीजळीवर किती माणसं होती, याचा आकडासुद्धा एक नाही. कुठे 741, कुठे 746, कुठे 798, गोष्टींमध्ये तर त्याहून कितीतरी मोठा. रामदासचंही तसंच, सांगणाऱ्यागणिक आकडा हलतो. कप्तान, साहेब, फकीर, एजंट यांची नावं पाठ आहेत. उतारू मात्र आकड्यात राहिले. रेवस, अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, या पट्ट्यातल्या ज्यांच्या घरातलं कुणी रामदासवर होतं, त्यांनी त्याचं पूर्ण नाव, गाव, वय आणि तो त्या दिवशी कशासाठी निघाला होता ते लिहून ठेवा. मांडवी-मुंद्र्याकडून मुलुंडला, मस्जिद बंदरला आलेल्या कच्छी घरांनाही माझं हेच सांगणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या दिवाळीतच विचारा. आमच्या बा आता नाहीत. त्यांच्या माहेरचं कुणी वीजळीवर होतं का, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.